जामबागेची बैठक

हैदराबाद शहराच्या नकाशावरून बोट फिरवीत गेले असता बशीरबाग, बाग लिंगमपल्ली, कुंदनबाग, मुसारामबाग, सीतारामबाग अशी बागांची नावे एकामागून एक भेटत जातात. परंतु त्या त्या स्थळी जाऊन पाहावे, तर बहुतेक ठिकाणी बागेचा मागमूसही उरलेला नसतो, आणि ज्या भूमीत एके काळी पाटाचे पाणी खेळत होते तेथे घरांची दाटी, दुकानांच्या ओळी आणि वाहनांचा कोलाहल यांवाचून दुसरे काही दृष्टीस पडत नाही. मूसी नदीच्या उत्तरेस, पूर्वेकडील जुनी रेसिडेन्सी आणि पश्चिमेकडील मोअज्जमजाही मार्केट यांच्यामध्ये वसलेली जामबाग ही अशीच एक वस्ती होय. येथील लोकांच्या बोलीत जाम म्हणजे पेरू, आणि पेरूंची बाग ती जामबाग, असा या नावाचा सरळ अर्थ केला जातो. दख्खनी उर्दूत पेरूला जाम म्हणतात, तेलुगूत जामा म्हणतात, आणि मराठवाड्यातील व वऱ्हाडातील जुन्या माणसांच्या तोंडीही पेरूसाठी जाम किंवा जांब हाच शब्द असतो. म्हणजे या मोहल्ल्याचे नाव उच्चारताना उर्दू बोलणारा, तेलुगू बोलणारा आणि मराठी बोलणारा, तिघेही आपापल्या घरचाच शब्द उच्चारीत असतात. ही गोष्ट वाचकांनी मनाशी धरून ठेवावी अशी माझी विनंती आहे. कारण पुढे जी हकीकत सांगावयाची आहे तिच्यात या साध्या शब्दाला मोठा अर्थ प्राप्त होतो.

सन १५९१ मध्ये मुहंमद कुली कुतुबशहाने मूसीच्या दक्षिण तीरावर नवे शहर वसविले, तेव्हापासून बाग आणि हैदराबाद यांचे साहचर्य आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत या शहरास भागानगर म्हटले आहे; सतराव्या शतकात येथे येऊन गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने मात्र त्या नावाचा संबंध बागेशी जोडला आहे, आणि मूळचे नाव बागनगरच असले पाहिजे असे मानणारे काही इतिहासकारही आहेत. त्या वादात न शिरता इतके म्हणता येते, की तट, हौद, कारंजे आणि फळझाडे यांवाचून या शहरातील अमीर-उमरावांच्या निवासाची कल्पनाच पूर्ण होत नसे. देवडी म्हटली की तिच्यामागे बाग आलीच. परंतु ही बाग भिंतीआडची असे. तिच्या दरवाजावर पहारा असे, तिच्यात प्रवेश मिळणे ही मेहेरबानी असे, आणि बाहेरच्या रयतेला तिची ओळख व्हावयाची ती भिंतीवरून डोकावणाऱ्या आंब्याच्या फांदीपुरती किंवा वाऱ्याबरोबर येणाऱ्या मोगऱ्याच्या गंधापुरतीच.

ही भिंत प्रथम मोडली ती नामपल्ली येथील बाग-ए-आम या उद्यानाने. सन १८४६ मध्ये सिद्ध झालेल्या या उद्यानाचे नावच त्याचे प्रयोजन सांगते. दरबाराच्या परिभाषेत खास आणि आम हे दोन शब्द परस्परांच्या विरुद्ध उभे असत. दिवाण-ए-खास निराळा आणि दिवाण-ए-आम निराळा. जे खास नव्हे, जे सर्वांचे, ते आम. या एका शब्दाने बागेचा दरवाजा, निदान तत्त्वतः, सर्वांसाठी उघडला गेला. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाचे स्मारक म्हणून नागरिकांच्या वर्गणीतून या उद्यानात टाउन हॉलची शुभ्र वास्तू उभारावयाचे ठरले. १९०५ मध्ये तिच्या कामास आरंभ झाला आणि १९१३ मध्ये ते पूर्ण झाले. ज्यांच्या सन्मानार्थ ती बांधली जात होती ते निजाम १९११ मध्येच पैगंबरवासी झाले होते. याच वास्तूत पुढे राज्याची विधानसभा भरू लागली. १९३० मध्ये उद्यानात वस्तुसंग्रहालय स्थापन झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तेथे आहेत, आणि अजिंठा त्या काळी निजामाच्या राज्यातील औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असल्यामुळे, मराठी मुलखातील डोंगरकड्यात कोरलेले ते बोधिसत्त्व हैदराबादच्या बागेत येऊन बसले, याचे नवल वाटावयास नको. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी याच उद्यानात देशी मालाचे प्रदर्शन भरविले. नुमाइश या नावाने ख्यातनाम झालेली ती जत्रा १९४६ पासून जवळच्याच विस्तीर्ण मैदानावर भरू लागली.

बागेचे नाते केवळ विहाराशी नसते, याचे या शहरात एक साक्षात् प्रमाण उभे आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसीला महापूर आला, आणि त्या एका दिवसात सुमारे पंधरा हजार माणसे प्राणांस मुकली असे सांगितले जाते. अफझलगंज येथील रुग्णालयाच्या बागेत एक चिंचेचे झाड होते. पाण्याचा लोंढा चढत गेला तेव्हा सुमारे दीडशे माणसे त्या झाडाच्या फांद्यांना धरून राहिली आणि वाचली. त्या दीडशे जणांत कोण हिंदू होता, कोण मुसलमान, कोणाच्या मुखी तेलुगू होती आणि कोणाच्या मुखी मराठी, याची नोंद कोणी ठेवली नाही. ठेवण्याचे कारणही नव्हते. या प्रलयानंतर सर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले, उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय निर्माण झाले, नगरसुधारणेचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, आणि जामबागेच्या टोकाशी असलेले दगडी मोअज्जमजाही मार्केटही याच मंडळाने पुढे १९३५ मध्ये उभारले. जुन्या बागांच्या जमिनीवर नवे शहर असे चढत गेले.

आता जामबागेकडे वळू. येथील पेरूंची झाडे गेली, परंतु माणसांनी एकत्र बसण्याची जी सोय बागेने करावयाची असते ती या मोहल्ल्यात दुसऱ्या रूपाने टिकून राहिली. याचे कारण काही अंशी राजकीय होते. आज ज्याला आपण सुलतान बाजार म्हणतो तो लगतचा भाग १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जात असे, आणि तेथील अंमल निजामाच्या कोतवालीचा नसून इंग्रज रेसिडेंटाचा होता. निजामाच्या मुलखात जे बोलणे कठीण जाई ते या हद्दीत थोड्या मोकळेपणाने बोलता येई. म्हणून सभा, संस्था, ग्रंथालये आणि पाठशाळा यांचा ओघ साहजिकच या परिसराकडे वळला. १८९२ मध्ये येथे आर्यसमाज स्थापन झाला; १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालय निघाले; आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृती मंडळींच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी ही मराठी शाळा सुरू झाली, जिचे नाव आज जामबागेशी इतके एकजीव झाले आहे की एकाचा उच्चार केला असता दुसऱ्याचे स्मरण आपोआप होते.

हैदराबादेत मराठी माणूस काही नव्याने आला नव्हता. निजामांच्या आसफजाही दौलतीत राय रायान या महाराष्ट्रीय घराण्याकडे दफ्तर-ए-दिवानीचा कारभार होता, आणि मराठवाड्याच्या सुभ्याचे जमाबंदीचे कागद त्यांच्या देखरेखीखाली असत. कारकून, वकील, जहागीरदार, सावकार, वैद्य, पुराणिक अशा नाना नात्यांनी मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली होती. राज्याच्या लोकसंख्येत तेलुगू भाषक निम्म्याच्या जवळपास, मराठी भाषक सुमारे एक चतुर्थांश, आणि कन्नड व उर्दू भाषक त्याहून कमी, असे स्थूल प्रमाण होते. तथापि १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही दरबाराची व अदालतीची भाषा झाली आणि १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठरले, त्यामुळे बहुसंख्य रयतेच्या मुलांना आपल्या मातृभाषेत शिकण्याची वाट अरुंद होती. विवेकवर्धिनीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात घ्यावयास हवे. तेथे मुले केवळ अक्षरे गिरवीत नव्हती. ज्या भाषेत आई हाक मारते त्याच भाषेत गणित आणि इतिहासही सांगता येतो, हा आत्मविश्वास ती तेथून घरी नेत होती. कोरटकर पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आर्यसमाजाचे ते धुरीण होते, आणि सरकारी प्रतिष्ठा व लोकसेवा या दोन्ही धुरा त्यांनी १९३२ मधील आपल्या निधनापर्यंत वाहिल्या.

शाळेच्या जोडीला सभागृह आले. विवेकवर्धिनीचे नाट्यगृह ही त्या काळी जामबाग परिसरातील सार्वजनिक बैठकीची मुख्य जागा बनली. नाटक, व्याख्यान, कीर्तन, उत्सव, परिषद, जे म्हणून चार माणसांनी एकत्र येऊन करावयाचे असते त्याला तेथे आसरा मिळाला. बाग-ए-आमात राज्याच्या वैभवाचे दर्शन घडे; जामबागेत लोक आपली सुखदुःखे आपल्या शब्दांत मांडू लागले. उद्यान हे सार्वजनिक कशामुळे होते, याचा विचार करताना मला नेहमी वाटते, की फाटक उघडे असणे ही त्याची पहिली अट असली तरी शेवटची अट नव्हे. आत आलेल्या माणसाने तोंड उघडल्यावर त्याचे ऐकून घेतले जाते किंवा नाही, यावर त्या जागेचे सार्वजनिकत्व अखेर ठरते. आणि याच कसोटीला जामबागेची बैठक एका संध्याकाळी उतरली नाही.

तो प्रसंग नोव्हेंबर १९२१ मधील आहे. निजाम राज्याची सामाजिक सुधारणा परिषद विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात भरली होती, आणि अध्यक्षस्थानी साक्षात् धोंडो केशव कर्वे होते. १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून बहिष्कार सोसलेले, हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ यांच्यासाठी झोळी घेऊन गावोगाव हिंडलेले कर्वे. ज्यांचा आवाज समाज ऐकत नाही त्यांना आवाज मिळवून देणे हेच ज्याचे आयुष्य, अशा पुरुषाच्या अध्यक्षतेखाली परिषदेचे काम इंग्रजी, उर्दू आणि मराठी या भाषांतून चालले होते. एका ठरावावर बोलण्यासाठी आलमपल्ली वेंकट रामराव हे वकील उठले आणि त्यांनी तेलुगूत बोलावयास आरंभ केला. सभेत मराठी श्रोत्यांचा भरणा मोठा होता. त्यांनी टाळ्या पिटून आणि हसून त्या वक्त्याची हेटाळणी केली, आणि रामरावांना आपले भाषण पुरे करता आले नाही. ज्या राज्यात निम्मी प्रजा तेलुगू बोलत होती, त्या राज्याच्या राजधानीत, सुधारणेच्या नावाने भरलेल्या परिषदेत, तेलुगूचे चार शब्द ऐकून घेण्याएवढीही सहिष्णुता श्रोत्यांनी दाखविली नाही.

ज्यांना स्वतःच्या भाषेची उपेक्षा ठाऊक होती, मराठी शाळेसाठी ज्यांनी कष्टाने पैसा जमविला होता, दरबारी उर्दूच्या छायेत आपली भाषा कोमेजेल या काळजीने जे रात्री जागत होते, त्याच समाजातील माणसांकडून हे घडले, ही गोष्ट मराठी लेखकाने लपवू नये. उलट ती स्वच्छ सांगावी. अन्यायाची झळ लागलेला मनुष्य दुसऱ्याच्या बाबतीत आपोआप न्यायी होतो अशी आपली समजूत असते, परंतु इतिहास तिला फारसा आधार देत नाही. न्यायबुद्धी ही दुःखाबरोबर आयती येत नाही. ती प्रयत्नाने कमवावी लागते.

अपमानित झालेली तेलुगू मंडळी त्याच रात्री शहरातील एका वकिलाच्या घरी जमली, आणि त्या छोट्या बैठकीतून आंध्र जनसंघाचा जन्म झाला. माडपाटी हनुमंतराव आणि बुर्गुल रामकृष्णराव हे त्याच्या आद्य प्रवर्तकांपैकी होत. बुर्गुल रामकृष्णराव हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, मराठी उत्तम जाणणारे. मराठी भाषेशी त्यांचे वैर असण्याचे काहीच कारण नव्हते. त्यांनी द्वेषाला उत्तर म्हणून द्वेष मांडला नाही. वाचनालये काढणे, तेलुगू शाळा चालविणे, जुने शिलालेख व ग्रंथ गोळा करणे, वेठबिगारीविरुद्ध रयतेला जागे करणे, असा रचनात्मक मार्ग या मंडळींनी धरला; १९३० मध्ये जोगीपेठ येथे सुरवरम् प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली पहिली आंध्र महासभा भरली, आणि तेलंगणातील लोकजागृतीचा प्रवाह त्यातून मोठा होत गेला. पुढे १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे पहिले लोकनियुक्त मुख्यमंत्री झाले ते हेच बुर्गुल रामकृष्णराव; आणि त्यांच्या मंत्रिमंडळात केशवराव कोरटकरांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार हे मंत्री होते. जामबागेत दुरावलेले दोन समाज राज्यकारभाराच्या आसनावर अशा रीतीने पुन्हा शेजारी बसले.

मधल्या काळात सभेच्या हक्कावरच गदा आली होती. १९२९ मध्ये निजाम सरकारने गश्ती निशाण ५३ हे फर्मान काढले, आणि सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून सभा भरविणे दुरापास्त झाले; कोण बोलणार, कशावर बोलणार, जामीन कोण राहणार, याची झाडाझडती अंमलदार घेऊ लागले. मोठमोठी मैदाने असूनही राजकीय विषयावर मोकळेपणी बोलण्यास जागा नाही, अशी ती स्थिती होती. तेव्हा साहित्य, शिक्षण आणि उत्सव यांच्या आडोशाने लोकजीवन वाट काढू लागले. १९३१ मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. ज्ञानकोशकारांसारखा विश्वव्यापी बुद्धीचा पुरुष या बहुभाषिक नगरीत अध्यक्ष म्हणून लाभला, हा मोठा उचित योग होता. १९३७ मध्ये मराठवाड्यातील परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली, आणि तिच्या सत्याग्रहाबरोबरच भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार म्हणून महाराष्ट्रात गाजलेला लढाही उभा राहिला. त्या लढ्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड तिन्ही प्रांतांतील माणसे एकाच तुरुंगात गेली, एकाच पंक्तीस ज्वारीची भाकर खाऊन राहिली, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी एकाच दिवशी मुक्त झाली.

त्यानंतर कालचक्र असे फिरले, की ज्यांनी १९२१ मध्ये सभागृह भरून टाकले होते तेच या नगरीत अल्पसंख्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेने हैदराबाद राज्याचे तीन तुकडे केले; मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे गेले, आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद येथून कचेरीच्या कामासाठी, शिक्षणासाठी, खटल्यासाठी या शहरात येणारा माणूस आता मुंबईची वाट चालू लागला. हैदराबादच्या मराठी समाजाची मुळे ज्या मातीत होती ती माती सीमेपलीकडे गेली. तरीही विवेकवर्धिनी बंद पडली नाही. तिचे महाविद्यालय झाले, तेथे तेलुगू, हिंदी, उर्दू भाषक विद्यार्थी बहुसंख्येने शिकू लागले, आणि तिच्या प्रांगणात गणेशोत्सव, व्याख्याने व नाटके यांची परंपरा मराठी माणसांनी नेटाने चालू ठेवली. मराठी साहित्य परिषदेसारख्या संस्था आणि ‘पंचधारा’सारखे नियतकालिक ही त्याच चिकाटीची फळे. परभाषक राजधानीत हे सर्व चालू शकले याचे श्रेय आपल्या निष्ठेला जितके आहे, तितकेच यजमान तेलुगू समाजाच्या उदारतेलाही आहे. ज्या समाजाच्या वक्त्याला आम्ही बोलू दिले नाही, त्याच समाजाने आमच्या शाळांना, आमच्या उत्सवांना आणि आमच्या भाषेला आपल्या घरात जागा दिली. हे ऋण कोणत्याही वहीत जमा-खर्चाला मांडलेले नाही, म्हणून ते आपण मनाशी मांडून ठेवावे.

जामबागेला उत्तरकाळात प्रसिद्धी मिळाली ती फुलांच्या बाजारामुळे. घाऊक व्यापार आता गुडीमलकापूरकडे गेला असला, तरी किरकोळ विक्रेत्यांच्या टोपल्या येथे अजून दिसतात, आणि सणासुदीला झेंडू, शेवंती, निशिगंध, कनकांबर यांचे ढीग रस्त्याच्या कडेला लागतात. भाद्रपदाच्या शेवटी तेलंगणाच्या लेकीसुना बतुकम्मा रचण्यासाठी फुले घ्यावयास निघतात, आणि त्याच दिवसांत एखादी मराठी सुवासिनी घटाच्या माळेसाठी फुले निवडीत त्यांच्या शेजारी उभी असते. माळ विकणारी बाई ती कोपरापासून बोटांपर्यंत लावून मोजते. तेलुगूत त्या मापाला मूर म्हणतात, मराठीत हात म्हणतात. मोजणाऱ्या बाईला भाषांतर करावे लागत नाही, आणि घेणारीलाही नाही.

पेरूचे झाड मूळचे या देशाचे नव्हे. ते अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आले, आणि दक्षिणेच्या जमिनीत असे रुजले की तेलुगू, मराठी आणि दख्खनी बोलणाऱ्यांनी त्याला एकच नाव दिले. त्या नावाच्या मोहल्ल्यात एके संध्याकाळी एका भाषेला उठून बोलू दिले गेले नाही, ही आठवण पुसून टाकण्याजोगी नाही. माझी एक साधी इच्छा आहे. विवेकवर्धिनीच्या प्रांगणात नोव्हेंबर १९२१ चे स्मरण म्हणून एक लहानशी शिला असावी. तिच्यावर आलमपल्ली वेंकट रामरावांचे नाव असावे. आणि मजकूर प्रथम तेलुगूत, मग मराठीत, मग उर्दूत कोरलेला असावा. शिलेजवळ एखादे जामाचे रोप लावता आले तर फार बरे. त्याला फळ धरेल तेव्हा ते काढणारे मूल कोणत्याही घरचे असले, तरी त्याच्या तोंडी येणारा शब्द एकच असेल.